लिफ्टवाल्याला सापडलेल्या बाई

लिफ्ट दुरुस्तीत त्याची बावीस वर्षं गेली होती. कुठली लिफ्ट हटून बसली, की "त्यालाच बोलवा" असं कंपनीत म्हणायचे. मग एके दिवशी काम चालू असताना त्याचा जोडीदार दुसऱ्या मजल्यावरून शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्टच्या उभ्या पोकळीत, कोसळला. हा खालीच उभा होता. जोडीदार वाचला, पण पायाने अधू झाला. ह्याला साधा ओरखडाही आला नाही.

त्यानंतर शाफ्टचं दार उघडलं, की ह्याला आत पाऊल टाकवायचं नाही. तीनदा तो दारातून परतला. मग त्याने रजा टाकली आणि घरी चकार शब्द काढला नाही. सकाळी डबा आणि हत्यारांची पिशवी घेऊन निघायचं आणि संध्याकाळपर्यंत वाचनालयात बसायचं. असे सहा आठवडे गेले.

तिथल्याच संगणकावर त्याने समुपदेशकांचे पत्ते काढले. पहिल्याने तीन महिन्यांनंतरची तारीख दिली. दुसऱ्याचं बोलणं इतकं जड, की सगळं डोक्यावरून गेलं. तिसऱ्या बाई चौथ्या मजल्यावर होत्या. हा जिन्याने चढून गेला. पाटीवर लिहिलं होतं, 'व्यक्ती, जोडपी, कुटुंबं'.

"मी एकटाच आहे," तो दारातूनच म्हणाला.

"बसा. आधी दम घ्या."

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "घरी कुणाला ठाऊक आहे?"

"कुणालाच नाही."

"बायकोला विचारून बघा."

"सांगून बघा, असं म्हणायचंय का?"

"नाही. विचारूनच."

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. त्याने चाचरत विचारलं, "तुला काही कळलंय का गं?"

"सहा आठवडे तुमच्या शर्टाला ग्रीसचा डाग नाही," ती म्हणाली. "धुते मीच ना?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले. नाही नाही ते मनात आलं माझ्या."

पुढच्या खेपेला दोघं गेली. बोलली जास्त तीच. बावीस वर्षं फोन वाजला, की तिच्या काळजात धस्स व्हायचं. हे त्याने तिथे पहिल्यांदा ऐकलं.

शाफ्टमध्ये तो पुन्हा उतरला नाही. कंपनीने कुरकुरत त्याला कारखान्यात लिफ्टच्या मोटर दुरुस्तीला घेतलं. एका रविवारी तो अपघातानंतर पहिल्यांदाच जोडीदाराच्या घरी गेला. जोडीदाराने आधी चार शिव्या हासडल्या, मग खुर्ची पुढे सरकवली. दोघं तासभर बसले. अपघाताचा विषय त्या दिवशी निघाला नाही.