रेवणप्पाने पुसून खाल्लेलं इंग्रजी ताट

कमठाण्याच्या रेवणप्पाला साधा चहा करता येत नाही, पण जेवणाला नावं ठेवण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. गावातल्या कुठल्याही लग्नात पहिल्या पंगतीला बसून तो सांगणार, आमटीला मीठ कमी, खीर पातळ. लोकही त्याच्या जिभेचा मान राखतात. घरी बायको गौरम्मा छत्तीस वर्षं भाकऱ्या थापते आहे, आणि 'वांग्यात तेल जास्त झालंय' एवढीच तिची कमाई.

गेल्या वर्षी इंग्लंडात नोकरीला असलेला मुलगा महेशकुमार त्याला तीन महिने तिकडे, लीड्सला घेऊन गेला. गौरम्मा म्हशींपायी मागे राहिली. परत आल्यापासून रेवणप्पाने देवळाच्या कट्ट्यावर साहेबाच्या जेवणाची सालं काढायचा सपाटाच लावला. "उकडल्यालं बटाटं, उकडल्यालं वटाणं, उकडल्यालं गाजर. दीडशे वरसं राज्य केलं आन् फोडणी द्यायला शिकली न्हाईत." लोक हसायचे, मीही हसायचो. खरं तर हा लिंगायत माणूस, मासा-मटणाला शिवत नाही, म्हणजे निम्मं इंग्रजी जेवण त्याने लांबूनच पाहिलेलं. पण न खाल्लेल्या ताटावर निकाल द्यायला आपल्यात कोण मागे आहे?

परवा दुपारी हेच चाललं असताना महेशकुमारचा व्हिडिओ कॉल आला. त्याच्या शेजारी पांढऱ्या केसांची एक बाई होती, बार्बरा. मुलगा-सून कामावर गेले की रेवणप्पाचं दुपारचं जेवण हीच शेजारून आणून द्यायची. ती बराच वेळ बोलली आणि महेशकुमारने आम्हाला सांगितलं, "ती म्हणायलीय, माझी पोरं बी माझ्या हातचं टाकून देतेत. अप्पांनी एक दिस कण ठिवला न्हाई. बोटानं ताट पुसलं, धुऊन पाणी बी पेले. म्हणून ती रोज जास्तीच आणायची."

आता बसवण्णांना मानणाऱ्या घरात ताटातलं अन्न म्हणजे प्रसाद. कण टाकायचा नाही, ताट धुतलेलं पाणीही प्यायचं. त्या बाईला हे कुठून माहीत असणार? बिचारा रेवणप्पा जितकं संपवी तितकं ती दुसऱ्या दिवशी जास्त आणी. पण बाई पुढे म्हणाली की रिकामं ताट परत देताना तो रोज 'व्हेरी गुड' म्हणायचा. हे मात्र कुठल्याच धर्मात सांगितलेलं नाही. सगळे इतके हसले की रेवणप्पा चप्पल घालून घरी निघाला.

बातमी त्याच्या आधी पोचली होती. मी मागोमाग गेलो, मजा बघायला, खोटं कशाला सांगू. गौरम्मा परातीत पीठ घेऊन बसली होती. वर न बघताच ती म्हणाली, "त्या बाईला रोज म्हणलाव. मला छत्तीस वरसांत एकडाव बी न्हाई."

रेवणप्पा वैतागला. "तिचं बेचव व्हतं, म्हणून म्हणावं लागलं. एकटी म्हातारी, तिला वाईट वाटलं असतं. तुझं चांगलंच असतंय, मग सांगायचं कामून?"

मला त्याचा असा राग आला की हसू जिथल्या तिथे राहिलं. गौरम्मा इतकी वर्षं ज्याची वाट बघत होती ते अखेर त्याच्या तोंडून निघालं, आणि तेही भांडणात.

गौरम्माने पीठ परत डब्यात ओतलं. चुलीवर पातेलंभर पाणी ठेवलं, त्यात चार बटाटे टाकले.

"आजपसून मी बी बेचवच करती," ती म्हणाली. "मग तरी म्हणताल."