पारखी नेमायला बसलो तेव्हा

कापसाचा पारखी नेमायचा तर माणसाला काय विचारावं, हे आपल्याला फार चांगलं कळतं असा त्या दिवसांत माझा समज होता. अमरावतीच्या एका शेठजींच्या कापसाच्या दुकानावर मी मुनीम होतो. सातासमुद्रापलीकडे कुठेतरी लढाई जुंपली होती म्हणे, त्यामुळे विलायतेच्या गिरण्या आमच्या वऱ्हाडच्या कापसावर तुटून पडल्या होत्या. दारात गाड्यांची रीघ लागली, आणि हात लावून मालाची जात सांगणारा माणूस हवाच होता. शेठजी म्हणाले, "मुनीमजी, माणूस तुमीच पाहा." मी लगेच पगडी नीट केली.

घरी बायकोसमोर सवालांची उजळणी झाली. गाव कोणतं, मामाचं गाव कोणतं, सोयरे कुठले, व्यसन काय. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "मानूस ठेवून राहिले का पोरीले नवरा पाहून राहिले? कापसाचं तं एकबी इचारत नाही तुमी!" बायकांना व्यापारातलं काय कळतं, असं मी मनात म्हणालो. मनातच, मोठ्यानं म्हणायची छाती तेव्हाही नव्हती.

सकाळी दोघे आले. पहिला उमदा, आमच्या साडूच्या गावचा. त्याच्याशी मी घटकाभर बोललो. म्हणजे बोललो मीच, तो "जी, जी" करीत राहिला. इतका समजदार माणूस मी पाहिला नव्हता.

दुसरा अकोल्याकडचा विणकर, चाळिशीचा, चार दिवस पायी चालून आलेला. कापसाबरोबर सूत महागलं आणि त्याचा माग बंद पडला. "घरी सहा तोंडं हायेत, मुनीमजी. जलमभर कापूसच हाताखालून गेला, दुसरं मले काही येत नाही." मामाचं गाव विचारलं तर म्हणाला, "मामा मेला. कापूस दाखवा."

कापूस जवळच होता. आठ दिवसांपूर्वी एका गावी जाऊन मीच घेतलेला. तिथल्या पाटलानं शेतात बसवून हुरडा खाऊ घातला होता, आणि तो इतका गोड, की मी गंजीत हात वरवरच घातला. बोटांना गार लागलं होतं. दव असेल, असं म्हणून मी आणखी एक मूठ हुरडा तोंडात टाकला.

पहिल्यानं कापूस लांबूनच पाहिला. "वा! मोत्यासारखा माल!"

विणकरानं मूठभर घेतला, दाबला, गालाला लावला. मग हळूच म्हणाला, "याच्यावर पानी मारलं हाये. वजनासाठी. दाबून ठेवसान तं आतून तापीन, पिवळा पडीन."

मागे लोडाला टेकलेले शेठजी उठून बसले. "काहून मुनीमजी, हा काय म्हणते?"

"मागावरचा माणूस आहे बिचारा," मी हसून म्हणालो. "त्याला सूत ठाऊक. गंजीतला माल त्यानं कुठे पाहिला?"

शेठजी हसले. साडूचा गाववालाही हसला. विणकरानं ती मूठ हळूच गंजीवर ठेवली, मुंडासं आवळलं आणि निघाला.

तीन आठवड्यांनी त्या मालाचे दाबून भरलेले बोरे उघडले तर आतून वाफ आली. कापूस पिवळा, कुबट. शेठजींनी नव्या पारख्याला, म्हणजे साडूच्या गाववाल्याला, फैलावर घेतलं. तो म्हणाला, "मुनीमजी बोलले तेच मी बोललो, जी." नोकरीतलं त्याचं ते एकच खरं वाक्य.

मी बैलगाडी जुंपून अकोला गाठलं. बाजारात एका आवारात विणकर पाठीवर बोरे वाहत होता. "चला," म्हटलं, "पारखी म्हणून."

त्यानं घाम पुसला. "एक इचारू? उद्या म्या पुन्हा ओला म्हनलं, अन् माल तुमीच घेतला असला, तं मालकासमोर काय सांगसान?"

माझ्या एवढ्या सवालांत असा एकही नव्हता. "सांगीन, मीच घेतला म्हणून."

"मंग याच मालाचं आधी मालकाले सांगून या. मी हाये इथंच."

परतीच्या वाटेवर मी तेवढं वाक्य घोकत आलो. दुकानाच्या पायरीशी आलो, तर शेठजींचा चेहरा बरा दिसेना, म्हटलं, उद्या. असे पंधरा उद्या गेले. अखेर सांगितलं, हुरड्यासकट. शेठजींनी हातातली चोपडी मिटली. मग म्हणाले, "त्या मानसाले बलावा."

निरोप घेऊन गेलेला गाडीवान एकटाच परत आला. आवारातलं काम सुटलं, तसा विणकर बायकापोरांसह आगगाडीच्या मातीकामावर निघून गेला होता. कोणत्या गावाकडे, ते कोणाला सांगता येईना. मी दोनदा त्याच्या गावी जाऊन आलो. बंद घरापुढे त्याच्या मागाची लाकडं उन्हात पडलेली होती.

शिक्षा म्हणून की भरवसा म्हणून कोण जाणे, माणसं अजून मीच नेमतो. मामाचं गाव विचारत नाही. एक ओली मूठ आणि एक कोरडी, दोन्ही पुढे ठेवतो. पण येणारा कापसाच्या आधी माझं तोंड पाहतो, म्हणून भिंतीकडे तोंड करून बसतो. बायको म्हणते, "रुसलेला नवरदेव!"

परवा पाठीमागून आवाज आला, "हा ओला हाये, जी."

मी गर्रकन वळलो. दुसराच कोणी होता. त्याला ठेवून घेतलं.