गाडीच्या उजव्या खिडकीतला आवाज

अमरावतीहून अकोल्याला एस.टी.नं येताना ते दोन स्पीकर मी सगळा रस्ता मांडीवर धरून आणले. वर्तमानपत्रात गुंडाळलेले, सुतळीनं बांधलेले, जेवणाच्या ताटाएवढे गोल. मूर्तिजापूरला शेजारच्या बाईंनी विचारलं, "ताटं घेतली काय व नवी? लगीन हाय काय घरात?" मी हो म्हणाले. खरं सांगितलं असतं तर आणखी चार प्रश्न आले असते. बाईंनी मग कुणाचं लग्न ते विचारलं, आणि मला एका न झालेल्या मोठ्या बहिणीचं लग्न ठरवावं लागलं.

माझी शाळा नुकतीच संपली होती. दहा वर्षं अमरावतीच्या हॉस्टेलात, सगळं इंग्रजीत. घरी परतताना ट्रंक टपावर चढवली होती आणि स्पीकर मात्र हातात ठेवले होते. वडिलांनी पत्रात तसंच लिहिलं होतं: कपडे पडले तरी चालतील, हे पडू देऊ नकोस.

वडील अकोल्यात डॉक्टर होते. आठवड्यातून एक दिवस दवाखाना बंद ठेवून ते आपली जुनी स्टेशन वॅगन काढायचे आणि बाळापूरच्या पुढच्या एखाद्या गावच्या बाजाराला जायचे. तिथं औषधं देण्याआधी अर्धा तास उभं राहून बोलायचे. पाणी उकळून प्या. देवीची लस टोचून घ्या. बाळाची नाळ कापायचं पातं आधी उकळा. त्यांच्या लहानपणी गावातला वैद्य त्यांच्या आईच्या पदरात औषधाची पुडी वरून टाकायचा आणि ओटा चढून आत निघून जायचा. पुडी कशी घ्यायची, किती वेळा घ्यायची, हे विचारायची तिची हिंमत व्हायची नाही. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही गाडीचं तेल तपासताना, माझ्याकडे न बघता.

मी परतण्याआधीच्या हिवाळ्यात नागपूरला त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाज परत आला तो अर्धाच. मऊ, खरखरीत, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम पोचणारा. ताण दिलात तर हाही जाईल, असं तिथल्या सर्जननं बजावलं होतं.

"घरात बोलायला उरला तेवढा पुरे," आई म्हणाली. "तो बाजारात सांडू नका."

वडिलांनी वाद घातला नाही. त्यांनी तिच्यापुढे करार ठेवला. गाडीत स्पीकर बसवायचे आणि एक बाजार करायचा. आईनंही यायचं. ते घसा ताणत आहेत असं वाटलं की तिनं हात वर करायचा. हात वर झाला की त्यांचे बाजार कायमचे बंद.

"नक्की?" आई म्हणाली.

"नक्की."

टपावर भोंगा बसवणं सोपं झालं असतं, पण तो त्यांना नको होता. भोंग्यातून माणूस रागावल्यासारखा वाटतो, म्हणायचे. रेडिओ दुरुस्त करणाऱ्यानं मग लाकडी खोक्यात बसवायचे मोठे कागदी स्पीकर सुचवले. त्यातून बारीक आवाजसुद्धा भरल्यासारखा येतो, असं त्याचं म्हणणं. ते अमरावतीला मिळत होते, म्हणून माझ्या मांडीवर आले.

खोकं बनवायला वडिलांनी बोलावलं ते एका दमण्या बनवणाऱ्या मिस्त्रींना. माणसं बसायच्या त्या छोट्या बैलगाड्या बनवण्यात त्यांचा जन्म गेला होता. मी त्यांना चाचा म्हणे. पहिल्या दिवशी त्यांनी वॅगनभोवती दोन चकरा मारल्या, मागचं दार उघडलं आणि आत मुंडी घालून बराच वेळ बघत राहिले.

"मिस्त्री, या गाडीला बैल नाहीत बरं," वडील म्हणाले.

"हायेत नं डाक्टरसाब. आत लपवून ठेवले. सकायी डुरकतात तवा सारी गल्ली उठते."

खिळा वापरायला त्यांनी साफ नकार दिला. खिळा रस्त्याच्या हादऱ्यानं ढिला होतो आणि लाकडी खुंटी घट्ट होत जाते, हा त्यांचा जन्माचा अनुभव. स्पीकरच्या मागच्या फळ्या तेवढ्या काढघाल करायला स्क्रूच्या ठेवल्या. मापं लिहायला त्यांनी मला बसवलं. ते मोजायचे आणि सांगायचे, "नऊ इंच, तीन सूत." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. तोवर मी मुकाट्यानं लिहीत होते. चाचा मला काही विचारत नसत, आणि मला ते फार आवडायचं. दिवसभर आमच्यात नुसते आकडे चालत.

मेळघाटच्या सागाचं ते खोकं तीन आठवड्यांत उभं राहिलं. खाली दोन लांब खण. एकात औषधांच्या बाटल्या, प्रत्येक बाटलीला तिच्या अंगाचा गोल खळगा. दुसऱ्यात पट्ट्या, सतरंजी, स्टोव्ह. खणांना कड्यांऐवजी चामड्याचे पट्टे, म्हणजे वाजायला नकोत. मधल्या कप्प्यात ॲम्प्लिफायर, त्याला हवा लागते म्हणून मागे भोकं. आणि दोन टोकांना दोन स्पीकर, गाडीच्या मागच्या दोन खिडक्यांकडे तोंड करून. ही चाचांची कल्पना.

"बाजारात माणसं एका अंगाले उभे राह्यतात, बाया एका अंगाले," ते म्हणाले. "आवाज दोन्हीकडे गेला पायजे. नायतर डाक्टरसाब माणसायलेच बाळंतपण शिकवून राह्यतील."

वडील हसले. हसण्याचा आवाज आला नाही, नुसते खांदे हलले. आईनं ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. संध्याकाळी तिनं आपल्या एका जुन्या, विरत चाललेल्या पातळाचा पदर कापून माझ्याकडे दिला. "स्पीकरपुढे कापड लावायचं म्हणत होते ना," एवढंच बोलली. मी ते ताणून दोन्ही चौकटींवर शिवलं. पदरावरची बारीक निळी फुलं उजव्या खिडकीकडे गेली आणि डावीकडे नुसती पांढरी बाजू.

शेवटचं एक काम माझ्याकडे होतं. स्पीकरच्या मागे रुईचा पातळ थर द्यायचा, म्हणजे आवाज डब्यात बोलल्यासारखा घुमत नाही. पिंजारी आमच्यापासून दोन गल्ल्यांवर. सरकी काढून पिंजलेली शेरभर रुई आणायची, बस. मी दोनदा निघाले. पहिल्यांदा दुकानापुढे चार माणसं बसली होती, म्हणून मी पुढे गेले आणि वळसा घालून घरी आले. दुसऱ्यांदा कुणी नव्हतं. पिंजाऱ्यानं धनुकली थांबवून माझ्याकडे पाहिलं आणि मी रस्ता चुकल्यासारखी परत फिरले.

मागच्या खोलीत कापसाचा ढीग पडलाच होता. एका शेतकऱ्यानं बायको वाचली म्हणून आणून टाकलेला, झाडावरून वेचलेला, सरकीसकट. पांढरा तर होता, मऊही होता. मी तोच दोन्ही बाजूंना दाबून भरला, मागच्या फळ्या लावल्या आणि स्क्रू घट्ट पिळले. वडिलांनी विचारलं, "झालं?" मी म्हणाले, "झालं."

अंगणात तपासलं तेव्हा सगळं छान चाललं. वडील माईकमध्ये हळूच म्हणाले, "चहा मिळेल का?" आणि शेजारच्यांच्या गच्चीवरून उत्तर आलं, "या की डाक्टरसाहेब." आईनं चहा केला.

नंतर दवाखान्यात गर्दी वाढली आणि गाडी आठ दिवस छपरीत उभी राहिली, गाईच्या कडब्याला लागून.

बाजाराच्या दिवशी आम्ही चौघं निघालो. आई पुढे, मी आणि चाचा मागे, खोक्याला पाठ लावून. चाचा खड्ड्याखड्ड्याला कान देत होते. एकही बाटली वाजली नाही. बाळापूर मागे पडलं तेव्हा ते स्वतःशीच म्हणाले, "दमणीपरीस बेस."

बाजाराच्या कडेला चिंचेखाली गाडी लावली. चाचांनी सांगितल्याप्रमाणे माणसं डावीकडे जमली, बाया उजवीकडे, कडेवर पोरं घेऊन. मी दोन्ही काचा सरकवल्या. वडिलांनी मागच्या दारात उभं राहून माईक हातात घेतला. डाव्या खिडकीतून त्यांचा आवाज आला, मऊ आणि भरलेला. उजव्या खिडकीतून मात्र फाटक्या सुपात दाणे पाखडल्यासारखी खरखर आली आणि पोरं रडायला लागली.

मी आत वाकले. खोक्याखाली, वायर जाण्याच्या भोकापाशी, सरकीची काळी टरफलं पडली होती. चारपाच, आणि थोड्या लेंड्या. माझ्या एकदम लक्षात आलं. कापसातली सरकी खायला उंदीर आत शिरले होते, आणि सरकी खाताना स्पीकरचा कागदही कुरतडला होता. टरफलं मी मुठीत घेतली. मग उजवीकडची वायर उपटली. खरखर थांबली.

आता उजवीकडे काहीच नव्हतं. बाया म्हणू लागल्या, "काय म्हन्ते डाक्टर? आयकू येत नाही बाप्पा." चाचा त्यांना म्हणाले, "इकडे या नं बाई, माणसायच्या अंगाले." एकही हलली नाही. वडिलांनी माईक खाली घेतला आणि त्यांच्याकडे वळून मोठ्यानं बोलायला सुरुवात केली. दुसऱ्याच शब्दाला आवाज चिरला.

आई गाडीतून उतरून उभी होती. तिचा हात मांडीपासून उचलला गेलेला मी पाहिला.

मी कसं केलं ते मला नीट सांगता येत नाही. बायांच्या पुढे जाऊन उभी राहिले आणि वडिलांचं वाक्य पुन्हा म्हटलं. "नाळ कापण्यापूर्वी पाते वीस मिनिटे उकळावे."

दोघीतिघी एकमेकींकडे बघायला लागल्या.

"हे कोन व? पुस्तक बोलून राह्यलं काय?"

"डाक्टराची पोरगी होय. शयरात शिकली."

पुढे बसलेली एक म्हातारी, गावची सुईण, माझ्याकडे बघत तंबाखू चोळत होती. "म्हंजे इळा उकयाचा म्हन नं माय. सीधं सांग."

"हो. विळा उकळायचा."

"वीस मिंट म्हंजे केवढं? माया घरी घड्याय नाही."

मला माहीत नव्हतं. मी वळून वडिलांना विचारलं, बऱ्यापैकी मोठ्यानं. त्यांनी माईकमध्ये, अगदी घरात बोलतात तसं, सांगितलं, "भात शिजतो तेवढं." मी ते बायांना सांगितलं. म्हातारीनं मान हलवली. मग दुसरीनं विचारलं, देवीची लस टोचली की ताप येतो, ते खरं का. तिसरीनं, पुडी दुधातून द्यायची की पाण्यातून. मी प्रश्न नेत होते आणि उत्तर आणत होते. प्रत्येक वेळी वडील थांबायचे, मी परत येईपर्यंत घोटभर कोमट पाणी प्यायचे. मध्येच एकदा मी आईकडे पाहिलं. तिचा हात वरच होता, पण डोक्यावरचा पदर सारखा करत होता. तो तिथंच बराच वेळ राहिला.

घरी आल्यावर चाचांनी उजवी फळी उघडली. आत कापसाचं घरटंच होतं, टरफलांनी भरलेलं. स्पीकरच्या कागदाला रुपयाएवढं भोक. चाचांनी बोटानं एक सरकी उचलली, तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग ते वडिलांना म्हणाले, "माया हातून भोक मोठं राह्यलं वायरचं. उंदरायले रस्ता भेटला."

ते भोक त्यांनी बेतून पाडलं होतं, सुताच्या हिशेबानं. माप मीच लिहिलं होतं.

"भोक बरोबर आहे," मी म्हणाले. "सरकीचा कापूस मी भरला. पिंजाऱ्याकडून रुई आणलीच नाही." मूठ उघडून बाजारातली टरफलं दाखवली. घामानं ती तळव्याला चिकटली होती.

वडिलांनी तो भोक पडलेला स्पीकर हातात घेऊन उजेडाकडे धरलं. "हा नीट असता," ते हळूच म्हणाले, "तर बायांनी काय विचारलं ते मला कळलंच नसतं."

"म्हणून काय तसाच ठेवायचा?" आई म्हणाली. "नीट करून घ्या. पुढच्या बाजारी दोन्हीकडून आवाज आला पाहिजे. आणि ही उभी राहील बायांपुढे." मग माझ्याकडे वळून, "त्या म्हातारीसारखं बोलायला शीक जरा. पाते उकळावे म्हणे."

पुढच्या बाजारी, असं ती म्हणाली होती. वडिलांनी ते ऐकलं आणि ऐकल्याचं दाखवलं नाही. खोक्याचा खण उघडून उगाचच बाटल्या मोजत बसले.

चाचांनी डाव्या बाजूची फळीही उघडली आणि तिथला कापूस, अजून कुणी न शिवलेला, ओंजळीनं काढून माझ्यापुढे टाकला. "जा बेटा. रुई घेऊन ये. मी बसतो तवर."

मी गेले. पिंजाऱ्याच्या दुकानापुढे त्या दिवशीही चार माणसं होती. आतून धनुकलीचा टणत्कार येत होता आणि हवेत रुईचे तंतू उडत होते. मी उंबऱ्याशी उभी राहून काय हवं ते सांगितलं.

त्यानं धनुकलीची तात थांबवली. "जोरसे बोल बेटी. इथं आयकू येत नाही."

मी पुन्हा सांगितलं. बाकावरची चारही माणसं वळून बघायला लागली, म्हणजे त्याला ऐकू गेलं असणार.