सात बिड्यांवर औंढा

खंडूमामाच्या जीपमध्ये एकवीस माणसं बसत. बाविसावा खुद्द मामा. त्याचा उजवा अर्धा भाग दाराबाहेर लोंबत असे आणि स्टिअरिंग, गिअर वगैरे किरकोळ कामं आत उरलेला डावा भाग उरकत असे. स्पीडोमीटरचा काटा साठवर अडकलेला, त्यामुळे पंक्चर काढताना उभी असलेली जीपसुद्धा साठनं धावायची.

म्हणून मामा अंतर बिड्यांत मोजायचा. हिंगोली ते औंढा सात बिड्या. वारा असला की बिडी भरभर जळे, मग औंढा आठ बिड्यांवर सरके. माणूस बंजारा तांड्यावरचा. "आमचा आजा बैलाच्या चालीवर मजल मोजायचा," तो म्हणे, "त्याच्या बैलाला कुठं काटा होता?"

हिंगोली नुकताच जिल्हा झाला होता, तेव्हाची गोष्ट. गावातल्या हौशी गाडीवाल्यांनी नवशिक्यांसाठी रॅली काढली. गाडीत दोघं, एक चालवणारा आणि एक वही पाहून रस्ता सांगणारा. पळायचं नाही, प्रत्येक चौकीवर ठरल्या मिनिटाला पोचायचं. मी हे तीनदा समजावून घेतलं आणि तिन्ही वेळा वेगळं समजलो.

"म्हंजी लवकर पोचलं तरी गुन्हा?" मामानं विचारलं.

"व्हय."

"मंग शर्यत काहून म्हणून राहिले?"

तरी मामा रॅलीत उतरला, कारण जुन्या जीपचं आरटीओ पासिंग आता होणार नव्हतं. रॅलीचे पंच एका नव्या शाळेचे संचालक होते आणि शाळेला बस घ्यायची होती, तिला ड्रायव्हर हवा होता. ते मामाला म्हणाले होते, "वेळेवर पोचून दाखवा, बस तुमची." मी त्याचा सख्खा भाचा, बारावी होऊन रिकामा. अक्षर बरं म्हणून वही माझ्याकडे आली.

आठ दिवस तयारी चालली. वहीत बाण होते, किलोमीटर होते. मी "डावीकडे" म्हटलं की मामा विचारी, "कोणाच्या घराकडं?" मग मी बाणाशेजारी लिही, धोंडूची सासुरवाडी. किलोमीटरशेजारी लिही, पावणेदोन बिड्या. आठव्या दिवशी वहीत इतकी झाडं, विहिरी आणि व्याही झाले, की ती माझी मलाच लागेना.

रॅलीच्या सकाळी पंचांनी फर्मावलं, गाडीत विडीकाडी बंद. मामानं न पेटवलेली बिडी ओठांत धरली आणि निघाला.

"मामा, कितवी?"

"पहिलीच हाय अजून."

औंढा आलं तरी पहिलीच! माझ्या हिशेबानं आम्ही हिंगोलीतून हललोच नव्हतो.

औंढ्याच्या पुढं एका म्हातारीनं हात केला. मामानं कचकन ब्रेक मारला.

"मामा, रॅली हाय!"

"हात केला न तिनं. बाईमाणूस उन्हात उभं ठिवू काय?"

म्हातारीमागे तिची सून, सुनेमागे वऱ्हाडाएवढी माणसं, शेवटी एक शेळी. हे रोजचे उतारू, आणि वहीतली शेवटच्या चौकीची वेळ नेमकी मामाच्या रोजच्या फेरीचीच. "या टायमाला रोज आपण नाल्यापाशी राहतो, जरा दाब," असं म्हातारी सांगे आणि मामा दाबी. सिद्धेश्वर धरणाजवळच्या शेवटच्या चौकीवर आम्ही सेकंदाचाही फरक न पडता पोचलो, एकोणीस माणसं आणि शेळीसह.

पंच आत डोकावले. "यातला नॅव्हिगेटर कोण?"

मी तळाशी दबलेलो, हात वर निघेना. मामा म्हणाला, "सगळ्यांनीच सांगितला की रस्ता. बराबर टायमावर आलो न साहेब?"

"वेळ बरोबर. पण गाडीत दोनच माणसं हवीत. तुम्ही बाद." बसचं नावही त्यांनी पुन्हा काढलं नाही. वही मात्र मागून घेतली आणि उभ्या उभ्या वाचत राहिले. "अक्षर कोणाचं?"

शाळेला कारकूनही हवा होता. मामा ज्या नोकरीसाठी आला, ती राहिली. मी कशासाठीच आलो नव्हतो, मला मिळाली. आनंद करावा की जीपखाली तोंड लपवावं, कळेना.

"येड्या, रडून काहून राहिला?" मामानं पाठीत धपाटा घातला. "एका गाडीतल्या एकाला तर लागली!"

दर जूनला मी त्याचा अर्ज संचालकांसमोर ठेवी. दर जूनला ते दुसऱ्याच कोणाला तरी नेमत. चौथ्या वर्षी मामाच म्हणाला, "आता नको ठिवू, भाच्या. रस्त्यात समोरचा माणूस दिसत न्हाई मला."

मामा गेला. अर्ज अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. खाली त्याचा अंगठा, आणि अनुभवाच्या रकान्यात त्यानं सांगितलेलं, मी सुवाच्य अक्षरात लिहिलेलं: आजवर कोणाला रस्त्यात सोडलं नाही.