मधुर आवाजाचा कुलूपवाला

रोज सकाळी, चहाचं आधण ठेवण्याआधी, आत्या आदल्या दिवशी लिहिलेला कागद खिडकीच्या उजेडात धरायची आणि त्यातला एक शब्द खोडायची. एकच. मग हात धुऊन स्वयंपाकघराकडे वळायची. माझे वडील चिडवायचे, "ताई, असंच चाललं तर शेवटी कोरा कागद उरेल."

"उरू दे. त्यात खोटं तरी काही नसेल."

ती पाणीपुरवठ्याच्या कचेरीत टायपिस्ट होती. फुटलेले नळ, गळक्या टाक्या, न आलेलं पाणी, अशी सगळ्या गावाची तहान तिच्या बोटांखालून जायची. साहेबांनी तीन पानं सांगितलेलं ती अर्ध्या पानात बसवायची. सही करताना साहेब म्हणायचे, "मी एवढा शहाणा कधी झालो?" कचेरीत तिचं नाव पडलं होतं 'खोडरबर'.

चर्चमध्ये तिच्याकडे वेगळं काम होतं. मंडळीतलं कुणी वारलं, की त्या माणसाविषयी चार-सहा ओळी ती लिहायची, घरच्यांना आधी दाखवायची, आणि शवपेटी उचलण्यापूर्वी उभी राहून वाचायची. प्रार्थना तिला मोठ्याने करता येत नसे. "लिहिते तेवढीच माझी प्रार्थना," ती म्हणायची, आणि लगेच विषय बदलायची.

आमच्या मंडळीतला कुलूपवाला गेला तो गुरुवारी सकाळी. अंत्यविधी शुक्रवारी दुपारी ठरला. नेमकी त्या गुरुवारीच कचेरीत वरिष्ठांची तपासणी होती आणि आत्याला मान वर करायला फुरसत नव्हती. तेव्हा तिने आयुष्यात एकदाच केलं ते केलं. मागच्या महिन्यात वारलेल्या संगीत शिक्षकांचा कागद फाइलमधून काढला, नाव बदललं, टाइप केला, आणि संध्याकाळी कुलूपवाल्याच्या बायकोच्या हातात नेऊन दिला.

बाईंनी चष्मा लावला. घरात पाहुणे कुजबुजत होते. वाचता वाचता त्यांच्या भुवया वर गेल्या.

"'अत्यंत मनमिळाऊ.' हे कोण गृहस्थ?"

बाई पुढे वाचू लागल्या.

"'त्यांच्या मधुर आवाजाची उणीव आम्हांला सदैव भासेल.' मधुर? अहो ताई, हे बोलायला लागले की पलीकडच्या गल्लीतली कुत्री शेपूट घालायची!"

आत्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. बाईंनी कागदाची नीट घडी घातली. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "ताई, आयुष्यभर हे लोकांवर ओरडले. उद्या तुम्ही हे वाचलंत, तर सगळं चर्च ह्यांच्यावर हसेल. ह्यांच्या पेटीसमोर. तेवढं मला बघायला लावू नका."

"मग काय लिहू?"

"ते मला काय विचारता? मी चाळीस वर्षं त्यांचं ऐकलंय. बघायला वेळ कुठे मिळाला?" त्यांनी दुकानाची किल्ली काढून दिली. "तिथे बघा. घरापेक्षा तिथेच जास्त असायचे."

दुकान म्हणजे एक दार आणि एक भिंत. किल्ली कापायचं यंत्र, पितळेचा चुरा, तेलकट फडकं. भिंतीवर मात्र खिळ्यांच्या ओळीच्या ओळी, प्रत्येक खिळ्याला एक किल्ली आणि किल्लीला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. आत्याने पहिली चिठ्ठी उजेडाकडे वळवली. बारीक, सरळ अक्षर: 'शाळेतल्या बाई. किल्ली आत, बाई बाहेर. तीन वेळा.' पुढची: 'दुसरा मजला. गुडघे दुखतात, आपणच वर जाणे.' पुढची: 'आजोबा. एकटे. हाक मारून मग कुलूप उघडणे, दचकतात.' एका खिळ्यावर चार किल्ल्या होत्या: 'चर्च. पाळक विसरभोळे, मनाने चांगले.'

आत्या तिथल्या स्टुलावर बसली. मोजून एकशे बारा चिठ्ठ्या वाचल्या. उठताना स्वतःशीच म्हणाली, "माझ्यापेक्षा चांगलं लिहायचा की हा!"

सकाळी तिने कचेरीत रजेची चिठ्ठी पाठवली आणि नव्याने लिहायला बसली. अकराला पाळकसाहेब आले. त्यांनी कागद वाचला आणि कपाळावर आठी चढवली.

"ताई, अंत्यविधीला 'ओरडायचे'?"

"मग काय लिहू? गायचे?"

"तसं नव्हे. पण रीत असते. मेलेल्या माणसाविषयी दोन गोड शब्द..."

"पाळकसाहेब, शेजाऱ्याविषयी खोटी साक्ष देऊ नये, हे तुम्हीच शिकवता. ते काय फक्त निंदेलाच लागू? देवाने ह्या माणसाला वेगळा घडवायला केवढी मेहनत घेतली असेल! आणि मी काल त्याला फाइलमधला करून टाकला. ह्याची माफी मला नीट लिहूनच मागता येईल. दुसरं काही मला येत नाही."

पाळकसाहेबांनी कागद पुन्हा वाचला. मग म्हणाले, "ते विसरभोळ्याचं तेवढं..."

"ते त्यांच्या अक्षरात आहे. मनाने चांगले, हेही."

"मग राहू द्या," पाळकसाहेब घाईने म्हणाले.

दुपारी चर्च भरलं. नवा कागद बाईंना आधी दाखवायला वेळच मिळाला नव्हता. आत्या उभी राहिली. पहिल्या बाकावर बाई हातरुमाल मुठीत आवळून बसल्या होत्या. आत्याने वाचलं:

"आपले कुलूपवाले मोठ्याने बोलायचे. खरं तर ओरडायचे. इथे बसलेल्या बहुतेकांनी त्यांची बोलणी खाल्ली आहेत. पण ज्याच्यावर ते ओरडले, त्याची एक जादा किल्ली त्यांनी आपल्या भिंतीवर टांगून ठेवली, तो पुन्हा दाराबाहेर अडकू नये म्हणून. अशा एकशे बारा जणांच्या किल्ल्या आहेत. कुणाचे गुडघे दुखतात, कोण दचकतं, पाळक कसे विसरभोळे आणि मनाने चांगले आहेत, हे त्यांनी लिहून ठेवलंय. आता त्या परत न्यायला आपल्याला जावं लागेल. ह्या वेळी कुणी ओरडणार नाही."

कुठेतरी फिसकन हसू फुटलं. आत्याने मान वर केली. पण हसल्या होत्या त्या पहिल्या बाकावरच्या बाई. रुमाल तोंडावर धरून, खांदे हलवत, डोळे पुसत. मग शाळेतल्या बाई हसल्या, मग पाळकसाहेब, मग सगळं चर्च. पेटी उचलली तेव्हा खांदा द्यायला इतके जण पुढे आले की रांग लावावी लागली.

त्यानंतर कुलूपवाल्याच्या पत्नी दर गुरुवारी दुपारी आमच्याकडे यायला लागल्या. दोघी अहो-जाहोवरून अगं-तुगंवर आल्या. आत्या नव्या ओळी वाचून दाखवायची आणि बाई सांगायच्या, "हा माणूस मला दिसत नाहीये. पुन्हा लिही." अकरा वर्षं हे चाललं. शेवटच्या वर्षी आत्याच्या हाताला कंप सुटला, तेव्हा ती सांगायची आणि बाई लिहायच्या. भांडत भांडतच.

आत्याच्या शेवटच्या गुरुवारीही नुकत्याच वारलेल्या एका बेकरीवाल्यावरून दोघींचं वाजलं. उधारी कधी मागत नसे म्हणून आत्याला तो 'उदार' वाटत होता, बाईंना 'विसराळू'. निकाल काही लागला नाही. बाई चपला घालत होत्या, तेव्हा आत्या उशीवरून म्हणाली, "उद्याच ये, गुरुवारची वाट बघू नकोस. आणि लवकर नीघ. बस चुकली की तुझी बोलणी मलाच खावी लागतात."