ट्रेसरकाकांचं प्राग, व्हाया बुधवार पेठ

ट्रेसरकाका कुठल्याही परक्या शहरात जाण्याआधी ते शहर पुण्यात चालून बघत. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात त्यांचा उभा जन्म आराखडे ट्रेस करण्यात गेला होता. निवृत्त होऊन बिबवेवाडीत राहायला आले तेव्हा सामानात ट्रेसिंग पेपरची एक मोठी गुंडाळीही आली. ज्या शहरात जायचं, त्याचा नकाशा ते पुण्याच्या नकाशाच्याच मापात त्या कागदावर उतरवत. मग तो पारदर्शक कागद पुण्यावर ठेवायचा आणि जिथून रेघ जाईल तिथून आम्ही दोघांनी चालायचं. रेघ कुणाच्या घरातून गेलीच, तर शेजारची गल्ली धरायची. याला ते तालीम म्हणत.

मी बुधवार पेठेतल्या एका लहानशा ग्रंथालयात ग्रंथपाल आहे. काका पहिल्यांदा आले ते लखनौच्या इतिहासावरचं पुस्तक मागायला. मी काढून दिलं. त्यांनी उभ्या उभ्या चाळलं आणि विचारलं, "यात अंतरं का नाहीत?" इतिहासाच्या पुस्तकात अंतरं कशाला हवीत, असं मी म्हणालो असेन. "अहो ग्रंथपाल, नवाब कुठून निघाला आणि कुठे पोचला, हे कळल्याशिवाय तो दमला का हे कसं कळणार?" पुढच्या रविवारी सकाळी मी त्यांच्याबरोबर मंडईच्या मागून लखनौ चालत होतो.

आमच्या सहलींचे नियम त्यांनी ठरवले होते. मुक्काम अडीच दिवसांचा. "तिसऱ्या दिवशी दुपारनंतर शहर आपल्याला ओळखायला लागतं. मग पाहुणेपण संपतं." सकाळी इतिहास, दिवसभर पावलं मोजत चालणं, आणि पुरेशी पावलं झाल्यावर बिअर. त्याआधी घोटभरही नाही. बिअरची जागा मात्र जुनी असली पाहिजे. ते म्हणत, "राजा कसा होता ते किल्ला सांगतो. बाकीची माणसं कशी होती, ते त्यांची प्यायला बसायची जागा सांगते." दिवसाला एक ग्लास, तोही इतका सावकाश की वेटर दोनदा येऊन काही चुकलं का, असं विचारून जाई.

तालमीत बिअरच्या जागी उसाचा रस. नाटकाच्या तालमीत खरी तलवार वापरत नाहीत, असं त्याचं कारण. रेघेवर जिथे बिअर असेल तिथून जवळची रसवंती शोधायची, आणि रस बिअरच्याच वेगाने प्यायचा. त्यामुळे शहरातले बहुतेक रसवंतीवाले आम्हाला ओळखतात, आणि बाकडं अडवून बसणारी गिऱ्हाइकं म्हणूनच ओळखतात.

हे सगळं काकूंच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, मते उन्हात फिरायचं निमित्त होतं. संध्याकाळी मी काकांना घरी सोडायला गेलो की त्या दारातच विचारत, "काय, आज कुठवर गेलं लखनौ?"

"तुळशीबागेपर्यंत," काका सांगत.

"मग येताना चार वाट्या आणायच्या होत्या. लखनौला काही मिळत नाही का?"

काकूंना कुठलीही गोष्ट विचारली तरच त्या सांगत. आमची अहमदाबादची सहल त्याचं उदाहरण. आम्ही तीन रविवार तालीम केली. पोळ म्हणतात त्या जुन्या गल्ल्या, दरवाजे, विहिरी, सगळं कागदावर होतं, आणि सवयीने संध्याकाळच्या जागी काकांनी बिअरची खूणही केली होती. स्टेशनातून बाहेर आल्यावर रिक्षावाल्याला जुनी बिअरची जागा कुठे, असं विचारलं. त्याने आमच्याकडे इतक्या काळजीने पाहिलं की त्याच क्षणी आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं. गुजरातेत दारूबंदी आहे हे पुण्यातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. त्या संध्याकाळी काकांनी लिंबू सोडाही बिअरच्याच वेगाने प्यायला. मग म्हणाले, "म्हणजे इथेही तालीमच." परत आल्यावर काकूंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मला ठाऊक होतं. विचारलंत कुठे?"

प्राग हे त्यांचं फार जुनं स्वप्न. पासपोर्ट काढला तेव्हापासून त्यांची चाल बदलली. जुना चौक, दगडी पूल, टेकडीवरचा किल्ला, आणि बिअर तर अशी की त्या गावात ती जेवणाचाच भाग समजतात. काकूंनी विचारलं, "एवढ्या लांब जाऊन अडीच दिवस?"

"एका जेवणासाठी आपण नागपूरला लग्नाला जातो, तेव्हा विचारतेस का?"

मग काकांनी काकूंना बरोबर चलण्याविषयी विचारलं. माझ्यासमोर तीनदा विचारलेलं मला आठवतं. तिन्ही वेळा काकूंनी पदराने चष्मा पुसत एकच उत्तर दिलं, "मी आले तर तुमची चाल मोडेल." त्यानंतर काकांनी विषय काढला नाही. महिनाभर ते घरात बसून कागद उतरवत होते.

तो कागद पुण्यावर ठेवला तो रविवार मी विसरणार नाही. काकांनी कागद थोडा फिरवून घेतला, नदीवर नदी बसवली, आणि आम्ही दोघं टेबलावर वाकून बघत राहिलो. प्रागचा जुना चौक बुधवार चौकात आला. जुना दगडी पूल बरोबर आपल्या नव्या पुलावर बसला. किल्ला पलीकडे शिवाजीनगरच्या कोर्टावर. काका एकेका खुणेवर बोट टेकवत होते. "बघा, बघा," एवढंच म्हणत होते. काकू स्वयंपाकघरातून येऊन बघून गेल्या. "किल्ला कोर्टात आला का? मग तारीख पडणार."

मात्र या कागदात दोन गोष्टी मला खटकल्या. एक, रेघेवर जागोजाग बारीक वर्तुळं होती. बिअरची खूण म्हणून काका वर्तुळच करत, पण एवढ्या बिअरी आम्ही कधी प्यायच्या? विचारल्यावर म्हणाले, "ती वेगळी आहेत. चालताना कळेल." दुसरी, पुलापासून किल्ल्यापर्यंत त्यांनी ट्रामचा रूळ काढला होता. आजवर त्यांनी एकाही सहलीत एक थांबाही वाहनाने काटला नव्हता.

तालमीला निघालो आणि दर चारशे पावलांवर येणाऱ्या प्रत्येक वर्तुळाशी काका बसू लागले. बंद दुकानाची पायरी, देवळाचा ओटा, बसथांब्याचं बाकडं, जे मिळेल ते. बसायचं, घड्याळ बघायचं, वहीत काहीतरी टिपायचं, उठायचं. शनिवारवाड्यासमोरच्या गर्दीतही त्यांनी फुलवाल्याकडून एक रिकामा क्रेट मागून घेतला. मी विचारलं, "काका, दम लागतोय का?" ते हसले. "मला कशाला लागेल?"

आम्हा दोघांची तिकिटं काढून झाली, व्हिसे आले, आणि निघायला अठरा दिवस असताना काका गेले. सकाळी पेपर वाचत होते. पान उलटायला हात उचलला, तो तसाच खाली आला. हृदय, असं डॉक्टरांनी सांगितलं.

मग ती वर्तुळं मला झोपू देईनात. एक माणूस माझ्या डोळ्यांदेखत चारशे-चारशे पावलांवर बसत होता, आणि मी त्याच्या शेजारी बसून शनिवारवाड्याच्या बुरुजांविषयी बोलत होतो. मी एवढी पुस्तकं वाचली आहेत. मला एवढं वाचता आलं नाही. तिकीट रद्द केलं. कागद परत द्यायला बिबवेवाडीला गेलो आणि काकूंना सगळं सांगून टाकलं, क्षमा मागावी तसं.

काकूंनी कागद टेबलावर पसरला. मग म्हणाल्या, "मला दाखवा कसं चालायचे ते."

पुढच्या रविवारी आम्ही दोघं बुधवार चौकातून निघालो. काकू आमच्याबरोबर कधीच चाललेल्या नव्हत्या. त्यांची चाल मला ठाऊक नव्हती. पहिल्या वर्तुळाच्या अलीकडे त्या मंदावल्या, आणि वर्तुळाशी आल्यावर त्यांनी माझा दंड धरला. "जरा थांबा हं. चारशे पावलं झाली की हा गुडघा बोलायला लागतो."

समोर तीच पायरी होती. त्या बसल्या. मी उभाच राहिलो. कागद उघडून पुढचं वर्तुळ बघितलं, त्याच्या पुढचं बघितलं, ट्रामचा रूळ बघितला.

"काकू, हे तुम्ही त्यांना कधी सांगितलं होतं? चारशे पावलांचं?"

"मी कशाला सांगू? त्यांनी विचारलं कुठे?" असं त्या म्हणाल्या. मग माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. मी वर्तुळांवरून बोट फिरवलं, चौकापासून पुलापर्यंत. भाजी आणायला, बँकेत, डॉक्टरकडे, चाळीस वर्षं काका त्यांच्याबरोबर चालत आले होते, आणि चालताना पावलं मोजायची त्यांना सवय होती.

काकूंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. "म्हणजे मला धरूनच आखलं होतं यांनी," त्या म्हणाल्या. "आणि मला म्हणे, नको तर नको."

आम्ही नव्या पुलापर्यंत गेलो. प्रत्येक वर्तुळाशी बसलो. शनिवारवाड्यापाशी फुलवाल्याने काकूंकडे पाहून आपणहून क्रेट पुढे सरकवला. पुलाच्या अलीकडच्या रसवंतीत काकूंनी एका दमात ग्लास संपवला. "सावकाश प्यायचा असतो, बिअरसारखा," मी म्हणालो.

"बिअर कडू असते ना?"

"असते."

"कारलं खाते मी. जमेल."

काकूंचा व्हिसा गेल्या आठवड्यात आला. मी आम्हा दोघांची नवीन तिकिटं काढली आहेत, दोघांची बॅग त्यांनीच भरली आहे, आणि त्यात पेनकिलरच्या शेजारी तो कागद गुंडाळून ठेवला आहे. परवा पहाटे निघायचं. काल संध्याकाळी त्यांनी फोन करून विचारलं की तिथल्या जुन्या चौकापासून पहिलं बाकडं नक्की कोणत्या बाजूला आहे. मी म्हटलं, कागदावर डावीकडे दाखवलंय. "मग डावीकडेच असेल," त्या म्हणाल्या, आणि मला गरम कपडे घेतले का ते विचारलं.