मळणाऱ्याचा मान

डॉक्टरांचा शब्द आमच्या मामेसासऱ्यांइतका मानणारा माणूस अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात सापडायचा नाही. डॉक्टर नेमकं काय म्हणाले, एवढं मात्र मामा स्वतः ठरवतात. मुरगूडच्या घराच्या दारात उभं राहून शिवारातल्या माणसाला हाक मारणारा हा गडी. गेल्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं, कॅन्सरची गाठ निघाली, तिच्याबरोबर बराचसा आवाजही गेला आणि उरला तो नुसता घोगरा. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, की तंबाखू, दारू आणि चुकवलेली तपासणी यांनी दुखणं उलटायची भीती वाढते. मामांनी घरी पोचेपर्यंत त्यात भर घातली. कारल्याची भाजी, भावकीतली बारशी, मामींच्या माहेरची माणसं, सगळ्यानंच म्हणे धोका वाढतो. "मला काय हौस हाय व्हय? डॉक्टरनीच बंद केलंय," असं ते इतक्या पडेल चेहऱ्यानं सांगत, की आग्रह करणाऱ्यालाच लाज वाटावी.

तंबाखू त्यांनी सोडली होती, म्हणजे त्यांच्या मते. डेअरीच्या कट्ट्यावर बसून चुना लावून ते बाकीच्यांना मळून देत. त्यांच्या हातची तंबाखू खायला माणसं वाट वाकडी करून येत. मी हटकलं तर म्हणाले, "म्या खातोय कुठं पावणं? नुसती मळून देतोय. हाताला कॅन्सर हुतोय व्हय?" तपासणीबद्दलही त्यांचं स्वतंत्र शास्त्र होतं. "बघितलं की सापडतंय. बघायचंच कशाला?"

शेवटी मामींनी जेवण बंद करायची धमकी दिली आणि मी त्यांना कोल्हापूरला नेलं. नाकातून दुर्बीण घालताना मामांनी माझं मनगट असं आवळलं, की घसा स्वच्छ आहे हे कळल्यावरच ते सुटलं. मग बाईंची नजर त्यांच्या चुन्यानं पांढऱ्या झालेल्या तळहातावर गेली.

"दुसऱ्यांना मळून देता? मग हातात उरतं त्याचं काय करता?"

मामा खाली मान घालून म्हणाले, "चिमूटभर ऱ्हातीया. मळणाऱ्याचा मान असतोय त्यो."

बाई हसल्या नाहीत. "पुन्हा गाठ आली तर अख्खं स्वरयंत्र काढावं लागेल, मामा. मग हा आवाजही राहायचा नाही."

परतताना कागल येईपर्यंत मामा तळहातावरचा चुना रुमालानं पुसत राहिले. खरं सांगायचं तर मीही घाबरलो होतो.

आता ते कट्ट्यावर भाजक्या शेंगा फोडून सगळ्यांना वाटतात. मूठभर दाणे स्वतःच्या खिशात जातात, त्याला कुणाची हरकत नाही.

पुढची तपासणी जवळ आलीय. रोज दुपारी त्यांचा फोन येतो, "पावणं, जेवलासा काय?" माझं जेवण बहुतेक झालेलं असतं. तरी मी "अजून न्हाई" म्हणतो. मग ते भडकतात, त्या घोगऱ्या आवाजात मला बराच वेळ झापत राहतात आणि मी फोन कानाला घट्ट लावून ऐकत राहतो.